केसपेपरवर काय लिहितात

आपल्यातला कुणी डोक्याच्या दवाखान्यात जातो असं कळलं की दोन तऱ्हेची माणसं भेटतात. एक म्हणतात, बाहेरचं आहे, देवऋष्याकडं न्या. दुसरे आपलेच, शिकलेले, चळवळीतले. ते म्हणतात, आजारबिजार काही नाही, ही व्यवस्थाच माणसाला येडं करते, फेकून दे त्या गोळ्या. पहिल्यांशी भांडायला बाबासाहेबांनी शिकवलं. दुसऱ्यांशी कसं भांडायचं ते मी पंचवीस-तीस वर्षं गोळ्या खाऊन शिकलो. म्हणून हे दुसऱ्यांसाठी लिहितोय.

१९९४ च्या जानेवारीत मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. आमच्या वस्तीनं निळा झेंडा लावला, गुलाल उधळला. गावानं आमचं पीठ-मीठ बंद केलं. गिरणीवाला दळण घेईना, दुकानदार तेल देईना, शेतावर काम नाही. मी बावीस वर्षांचा. वस्तीत लिहिता-वाचता म्हणून अर्ज लिहायचं काम माझ्याकडं. तहसील, पोलीस ठाणं, पेपरवाले. रात्र रात्र लिहायचो. मग झोपच गेली. आठ दिवस डोळ्याला डोळा नाही, अन् थकवाही नाही. रेडिओवर बातम्या देणारी बाई माझं नाव घेते, असं ऐकू यायला लागलं. मला वाटलं, आता सगळं बदललं, आता काही कमी पडणार नाही. घरातली उरलीसुरली ज्वारी अन् आयची दोन लुगडी मी वाटून टाकली. बहिष्काराच्या दिवसांत! आय रडत म्हणाली, "लेका, काय झालंय रं तुला?" मी हसत होतो.

भावकीनं जीपमध्ये घालून शहरातल्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं नाव विचारलं, आडनाव ऐकून मान वर केली. "काय रे, काय होतंय तुला?" मी म्हणालो, गावानं आमचं दळण बंद केलंय. त्यानं केसपेपरवर खरडलं अन् सुई मारायला सांगितलं. माझी मान वाकडी झाली, जीभ जड झाली, हातपाय लाकडासारखे. त्या सुईनं असं होऊ शकतं अन् त्यावर उतारा म्हणून गोळी असते, हे कुणी सांगितलं नाही. आय म्हणाली, "पोराला आणखीन बिघडवलं." तिचं काय चुकलं?

चार वर्षांनी मी पिंपरी-चिंचवडकडं होतो. ओतकामाच्या कारखान्यात, भट्टीवर. झोप पुन्हा गेली. एका सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या ओपीडीत आय घेऊन गेली. समोर बाई होत्या. म्हणाल्या, "बसा." मग, "तुम्ही काय काम करता?" दवाखान्यात मला अहो-जाहो करणारं हे पहिलं माणूस. भावांनो, हसू नका. ज्याच्या बापाला गावात म्हातारपणीही "ए" म्हणून हाक मारली, त्यालाच ह्या "तुम्ही"ची किंमत कळते.

त्यांनी जुना केसपेपर वाचला. त्यात इंग्रजीत काय लिहिलं होतं ते मला तेव्हा कळलं: रुग्णाला छळ होत असल्याचा भ्रम आहे. बाईंनी विचारलं, "हे दळणाचं काय?" मी सांगितलं. त्यांना समजेना. "बहिष्कार म्हणजे नक्की काय काय बंद होतं?" बाहेर रांग खोळंबली होती, तरी त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आयला वेगळं विचारलं. मग म्हणाल्या, "गिरणी बंद होती, ते खरं. रेडिओवरची बाई तुमचं नाव घेत होती, तो आजार. दोन्ही एकाच माणसाला एकाच वेळी होऊ शकतं." केसपेपरवर लिहिलं: बहिष्काराची घटना खरी, आईनं दुजोरा दिला. लिहिलेलं मला मराठीत वाचून दाखवलं.

ह्या दोन ओळींवर मी आजवर उभा आहे.

मग लिथियम सुरू झालं. स्वस्त गोळी, पण सांभाळायला अवघड. १९४९ साली ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड नावाच्या डॉक्टरनं ती ह्या आजारावर वापरली. रक्तातलं प्रमाण साधारण ०.६ ते १.० च्या मध्ये ठेवायचं. कमी झालं तर उपयोग नाही, दीडच्या वर गेलं तर विषबाधा. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं. थायरॉइड अन् मूत्रपिंड, दोन्हींवर नजर ठेवायची. माझं थायरॉइड पुढं कमी पडलं, त्याचीही गोळी लागली. हात थोडे थरथरतात, तहान फार लागते. बाईंनी ह्यातलं काही झाकून ठेवलं नाही.

पण खरी गोष्ट कामाची. भट्टीपुढं घाम गळतो. अंगातलं पाणी अन् मीठ गेलं की रक्तातलं लिथियम चढतं. अंग दुखलं की आमचे लोक ब्रुफेन खातात, त्यानंही चढतं. काय काम करता हे विचारल्याशिवाय ही गोळी लिहिणं म्हणजे कामगाराच्या जिवाशी खेळ. बाईंनी कंपनीला चिठ्ठी दिली: उष्णतेच्या जागी काम देऊ नये. आजाराचं नाव घातलं नाही, कारण मी नको म्हणालो. सुपरवायझर कुरकुरला, पण साचे बनवायच्या कामावर घातलं.

बाई देव नव्हत्या. एकदा म्हणाल्या, "शहरात आता जात कुठं राहिलीय?" मी म्हणालो, मॅडम, मला भाड्यानं खोली शोधून द्या, आडनाव आधी सांगा. त्या गप्प झाल्या. पुढच्या खेपेला विचारलं, "खोली मिळाली का?"

२००६ साली खैरलांजी झाली. मी मोर्च्यात, सभेत, रात्री उशिरा घरी. बायको घाबरली. बाईंना म्हणाली, "ह्यांचं परत सुरू झालं, गोळी वाढवा." बाईंनी मला विचारलं, "किती तास झोपता?" सहा. "पगार घरी देता?" देतो. त्या बायकोला म्हणाल्या, "खैरलांजीचा राग येणं हे लक्षण नाही. झोप उडणं हे लक्षण आहे. ती मोजा." गोळी वाढवली नाही. मला म्हणाल्या, "मोर्च्याला जा. पाण्याची बाटली बरोबर ठेवा."

आपल्यातला एक पोरगा मला फॅनन ऐकवतो. ऐकव. पण पुरता ऐकव. फॅनन स्वतः मानसोपचाराचा डॉक्टर. १९५३ पासून अल्जीरियातल्या ब्लिदाच्या इस्पितळात होता, १९५६ ला राजीनामा दिला. गुलामीत ठेवलेल्या माणसाला असं बरं करता येत नाही, हे त्याला दिसलं. पण वेड खोटं असतं, असं तो म्हणाला नाही. ट्युनिसला गेला अन् पुन्हा रुग्णच तपासले. क्रांती अन् उपचार, दोन्ही केलं.

बाई आता निवृत्त झाल्यात. केसपेपर दुसऱ्याच्या हातात गेलाय. बाई भेटल्या हे माझं नशीब, असं लोक म्हणतात. मी नशीब मानत नाही. जे मला मिळालं तो हक्क आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात लिहिलंय: उपचारात जातीवरून भेद करता येत नाही. माणसाची सामाजिक पायरी किंवा त्याचे राजकीय विचार बघून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. आपले कागद मागता येतात. भूल दिल्याशिवाय शॉक देता येत नाही. गावच्या ओपीडीत हे सगळं आपोआप होईल असं नाही. कायदा कागदावर असतो, तो वापरायला माणसं लागतात. ती तुम्ही.

म्हणून सांगतो. तुमच्या शाखेतला कुणी आठ दिवस झोपला नाही, घरातलं वाटत सुटला, किंवा उलट, अंथरुणातून उठेना, मरणाचं बोलायला लागला, तर त्याला व्याख्यान देऊ नका. दवाखान्यात न्या. एकटा पाठवू नका, बरोबर बसा. गोळीचं नाव विचारा, त्रास काय होईल विचारा, तो काय काम करतो ते सांगा. त्याच्यावर खरंच जे गुदरलंय ते केसपेपरवर लिहायला लावा. डॉक्टर "अरे-तुरे" करू लागला तर तिथंच सांगा, "साहेब, अहो म्हणा."

जय भीम.