घडीची पाटी

दरवर्षी आषाढ लागला की दिवाळी अंकाच्या संपादकांचे पत्र येते. पत्र कसले, आता तेही फोनवरच येते. पण त्यातला जिव्हाळा जुनाच असतो. "यंदाही आपले काहीतरी हवेच." मी खूश होऊन ते सौ.ला वाचून दाखवतो आणि ती "मानधनाचं काही म्हटलंय का?" असे विचारून पुन्हा कोथिंबीर निवडू लागते. यंदा त्या पत्राला शेवटी एक ओळ जास्त होती. मजकूर युनिकोडमध्ये टंकित करून पाठवावा. हस्तलिखिते स्वीकारता येणार नाहीत.

वाचकहो, ही ओळ वाचून माझ्या पोटात गोळा आला. मी चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिकनंतर कॉलेजचे तोंड पाहिले नाही. पदविका घेतली आणि शाळेत चिकटलो तो चिकटलोच. चित्रकलेच्या मास्तराचे अक्षर सुंदर असते असा एक गैरसमज आहे. माझे अक्षर वाचू शकणारा माणूस आमच्या वाईत एकच होता. गणपती घाटाकडे जाणाऱ्या गल्लीत त्याचे टंकलेखनाचे दुकान होते आणि माझ्या तिन्ही कादंबऱ्या त्याच्याच बोटांखालून गेल्या होत्या. गेल्या पाडव्याला त्याने दुकान आवरले आणि तो मुलाकडे नाशिकला राहायला गेला. तेव्हापासून माझी चौथी कादंबरी, शेवटचे प्रकरण वजा जाता दोनशे साठ पाने, ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीने पडून आहे.

राखीला ताई आली, तिच्याबरोबर भाचा आला. तो पुण्यात संगणकाच्या नोकरीत असतो. त्याने माझे रडगाणे ऐकून घेतले आणि पिशवीतून एक करडी, चपटी वस्तू काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"मामा, हा दोन वर्षं वापरलेला आहे. मी नवा घेतलाय. गणपतीपर्यंत वापरून बघा. पटला तर ठेवा, नाही तर परत नेईन."

"आणि पैसे?" स्वयंपाकघरातून प्रश्न आला.

"नवा सत्तर हजारांचा होता, मामी. तुम्ही पस्तीस द्या."

आतून भांड्यांचा आवाज थांबला. पस्तीस हजार ही रक्कम आमच्या घरात होती. पण ती कुठल्या डब्यात आहे आणि कशासाठी आहे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. २००८ साली माझी पहिली कादंबरी निघाली. छपाईचा निम्मा खर्च मी सोसावा असे प्रकाशकांनी सुचवले आणि सौ.ने आपल्या पाटल्या काढून दिल्या. "पुढच्या पुस्तकाच्या पैशांत करू," असे मी तेव्हा मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो. त्यानंतर दोन पुस्तके झाली. पाटल्या झाल्या नाहीत. मग तिने माझ्या भरवशावर राहणे सोडून भिशी लावली, ती ही.

तेव्हा मी जी परीक्षा घ्यायला बसलो, ती नुसती एका यंत्राची नव्हती.

या यंत्राची मौज त्याच्या बिजागरीत आहे. साधा लॅपटॉप पुस्तकासारखा उघडतो आणि एका हद्दीला थांबतो. हा थांबतच नाही. पडदा मागे, आणखी मागे लोटत न्यावा तो थेट पाठीला पाठ लागते आणि यंत्राची पाटी होते. अर्ध्यावर सोडले तर उलट्या व्हीसारखा तंबू उभा राहतो. लेनोव्हो कंपनीने २०१२ साली ही तऱ्हा काढली तेव्हा तिचे नावच 'योगा' ठेवले होते. मग बाकीच्यांनीही तसली यंत्रे काढली. यंत्राने आसने करायची आणि धन्याने खुर्चीत बसून पोट वाढवायचे, असा हा काळ आहे. माझ्याकडे आले ते कोणत्या कंपनीचे, हे मी सांगत नाही. उगाच कोणाची जाहिरात नको आणि कोणाची बदनामीही नको.

पहिले आठ दिवस टंकलेखन शिकण्यात गेले. कळांवर इंग्रजी अक्षरे, मराठीचे नाव नाही. यंत्र अजून परक्याचे, त्यावर अक्षरे चिकटवायची सोय नव्हती. म्हणून मी ड्रॉइंगच्या कागदावर इन्स्क्रिप्टचा मोठा तक्ता काढून भिंतीवर टांगला. ही मांडणी सरकारमान्य आहे आणि ज्याने बसवली त्याला बाराखडी कळत होती, यात शंका नाही. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. त्यामुळे दोन्ही हात आळीपाळीने चालतात आणि सवय झाली की ढोलकीवर बसल्यासारखे वाटते. सवय होईपर्यंत मात्र हाल. 'दुसऱ्या' या एका शब्दाने मला दोन दिवस छळले. तो अर्धा र सापडेना. शेवटी बारावीतल्या माझ्या कन्येने शोधून काढले. शिफ्ट धरून 'जे' ची कळ दाबली की नुक्त्याचा ऱ येतो, मग पायमोडी, मग य. बापाला 'दुसऱ्या' लिहिता आले म्हणून तिने टाळ्या वाजवल्या, त्या मी वर्गात कधी ऐकल्या नव्हत्या.

कळा छान आहेत. फार खोल जात नाहीत. पण बोटाला उत्तर देतात. रात्री त्यांच्याखाली मंद उजेड लागतो, तो मला इतका आवडला की दोनदा मी मुद्दाम दिवा मालवून बसलो. आणखी एक लाभ ध्यानीमनी नसताना झाला. माझ्या कादंबरीतल्या बायका जांभळीच्या खोऱ्यातल्या बोलीत बोलतात. दुकानातला तो भला माणूस त्यांची भाषा न सांगता शुद्ध करून टाकायचा आणि मुद्रिते तपासताना मला त्या बिचाऱ्यांना पुन्हा अशुद्ध करावे लागे. आता त्या जशा बोलल्या तशाच उमटल्या.

यंत्राची पाटी करून हातात धरण्याविषयी मात्र माझे मत फारसे बरे नाही. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर मी ते यंत्र ठेवले. एक किलो सहाशे वीस ग्रॅम भरले. पिशवीत घालून शाळेत न्यायला हे वजन काहीच नाही; पण एका हातात पाटी धरून वाचायला बसलो की दहा मिनिटांत मनगट तक्रार करते. शिवाय पाठीमागे उघड्या राहिलेल्या कळा बोटांना लागत राहतात. घडी घातल्यावर त्या मुक्या होतात, दाबल्या तरी काही उमटत नाही, हे खरे. पण पालथ्या घातलेल्या खिसणीला धरून बसल्यासारखे वाटते. मेणवलीच्या घाटावर दुपारी घेऊन गेलो, तर त्या चकचकीत काचेत नदीऐवजी माझेच तोंड दिसू लागले. सावलीत आणि घरात ठीक आहे. उन्हात बसून लिहायचे असेल तर अजून कागदासारखी वस्तू नाही.

पेनाविषयी बोलायचा मला थोडा हक्क आहे. सोबत आलेले पेन दाबाचे चार हजार शहाण्णव प्रकार ओळखते म्हणे. असेल. मला आयुष्यात आठ-दहाच्या वर कधी लागले नाहीत. नाना फडणविसांच्या वाड्याचे छप्पर काढायला बसलो. शिसपेन्सिल कागदाला चावते. हे पेन काचेवरून घसरते. भरभर रेघ ओढली तर सुरेख येते. पण तिरकी रेघ सावकाश ओढली की ती पाण्यातल्या सापासारखी किंचित वळवळते. प्रथम वाटले, माझाच हात कापतो आहे. वय झाले की काय, या विचाराने एक संध्याकाळ वाईट गेली. मग पट्टी लावून ओढली, तरीही वळवळली, तेव्हा जिवात जीव आला. मुलांच्या चित्रांवर खुणा करायला, मजकुरात दुरुस्त्या करायला हे पेन उत्तम. चित्रकाराने त्याच्या नादी लागू नये. त्याचा सेल संपला तो प्रसंग वेगळाच. त्यात एएएए नावाचा, करंगळीहूनही बारीक सेल लागतो. बाजारपेठेतली पाच दुकाने फिरलो. तीन ए पर्यंत सगळ्यांकडे होते. चौथा ए म्हटल्यावर एकाने मला पाणी दिले.

बाकी गोष्टी थोडक्यात. बॅटरी दहा तास चालते असे खोक्यावर होते. नुसते टंकलेखन केले तर ती मला साडेसहा तास पुरली, कन्येने शिकवणीची चलचित्रे लावली की चार तासांत मान टाकते. हवा घेण्याच्या फटी पोटाखाली आहेत, म्हणून गोधडीवर ठेवले की ते तापते आणि धापा टाकते. पाटावर ठेवले की शांत होते. जुने यंत्र घेणाऱ्याने एक गोष्ट विचारून घ्यावी, ती मीही भाच्याला विचारली होती. विंडोज दहाची देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. यात अकरा होते. बिजागरी दोन वर्षांनंतरही घट्ट होती. पडद्याला टिचकी मारली की थोडा हलायचा, पण आपण होऊन कलत नव्हता. असल्या यंत्रात हीच जागा आधी पाहावी.

एवढे सगळे वहीत टिपून मी मनाशी निर्णय केला होता की परत द्यावे. यंत्र चांगले होते, म्हणूनच परत देणे कठीण जात होते. पण डबा तिचा होता.

गणपतीच्या चार दिवस आधीची गोष्ट. संध्याकाळी शाळेतून आलो तर यंत्र टेबलावर नाही. स्वयंपाकघरात डोकावलो. ओट्यावर, पिठाच्या डब्याला टेकून, तो तंबू उभा होता आणि सौ. पोळ्या लाटता लाटता वाचत होती. मधूनच कोपराने, नाही तर करंगळीच्या टोकाने ती मजकूर वर सरकवी. काचेवर कणकेचे ठिपके पडले होते. तव्यावरची पोळी करपत होती.

एकोणीस वर्षांच्या संसारात तिने माझे एकही पान वाचलेले मी पाहिले नव्हते. हस्तलिखित तिला लागत नसे आणि छापील पुस्तक हातात घ्यायला, का कोण जाणे, ती तयार नसे. ते का, हे मी कधी विचारले नाही. विचारायला हवे होते असे नाही. मला उत्तर माहीत होते.

मी दारातच उभा राहिलो. तिने पोळी उलटली आणि मागे न बघताच विचारले,

"या मास्तरीणबाईच्या पाटल्या शेवटी परत येतात का?"

"शेवटचं प्रकरण अजून लिहिलं नाही."

"हं," ती म्हणाली आणि पुढची पोळी लाटायला घेतली.

रात्री जेवणे झाल्यावर तिने डबा काढला. मी म्हणालो, यंत्र परत द्यायचे ठरवले आहे. ती म्हणाली, "सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलंय. या पैशांत एक पाटलीसुद्धा धड येत नाही. हे निदान अख्खं तरी येईल." मग नोटा मोजता मोजता म्हणाली, "अहो, पण शेवट करताना घाई करू नका. आधी मला दाखवा."

गणपतीला भाचा आला. मी माझी वही काढून दोषांची यादी वाचणार होतो, पण सौ.ने ते काम माझ्या हातून काढून घेतले. उन्हात दिसत नाही, हातात जड होते, पेनाची रेघ वळवळते, असे सारे तिने मोदकाच्या ताटासमोर त्याला बसवून ऐकवले आणि पस्तीसचे अठ्ठावीस केले. ताई हसून हसून लाल झाली. भाच्याने पाकीट न उघडताच खिशात घातले.

"मोजून घे रे," सौ. म्हणाली. "आणि पुढच्या वेळी येशील तेव्हा त्या पेनाचे सेल आण. इथे मिळत नाहीत."