भट्टीचा नाद

'आमच्या ह्यांना हल्ली भट्टीचा नाद लागलाय,' असं एखाद्या बाईनं सांगितलं, तर पूर्वी ऐकणारीनं पदर डोळ्यांना लावला असता. आता ती विचारते, 'अंड्याचा करतात की बिनअंड्याचा?' पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या सोसायटीत भर दुपारी व्हॅनिलाचा वास सुटला, की ओळखावं, कोणीतरी निवृत्त सुपरवायझर कामाला लागलेला आहे. २०२० च्या टाळेबंदीत ही साथ जोरात पसरली. दुसरी साथ ओसरली. ही मात्र राहिली.

तसं या गावाला ते शोभूनच दिसतं. पिंपरीच्या सुरुवातीच्या मोठ्या कारखान्यांपैकी एक म्हणजे १९५४ साली निघालेला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. तिथं पेनिसिलिन व्हायचं, म्हणजे मोठमोठ्या टाक्यांत बुरशी पोसली जायची. पाव फुगवणारं यीस्ट ही त्या बुरशीची चुलत बहीण. ज्या गावानं बुरशीला सरकारी नोकरी दिली, तिथल्या लोकांनी यीस्टला घरात घ्यायला का लाजावं?

आपला रोजचा स्वयंपाक अंदाजावर चालतो. मावेल तेवढं पीठ, चवीपुरतं मीठ, चिमूटभर हिंग. चिमूट कोणाची, हे सांगायची पद्धत नाही. जन्मभर ड्रॉइंग बघून काम केलेल्या माणसाला या राज्यात पाऊल टाकायला जागाच नसते. केकचं तसं नाही. मैदा अमुक ग्रॅम, साखर तमुक ग्रॅम, ओव्हन १८० अंश, वेळ ३५ मिनिटं. सोडा जास्त झाला तर कडवट लागतो, पीठ फार घोटलं तर चिवट होतो, मध्येच दार उघडून डोकावलं तर मधोमध बसतो. प्रत्येक बिघाडाला कारण आहे. आमटी बिघडली तर कारण नसतं. फक्त आरोपी असतो.

त्यातून तो गृहस्थ हीट ट्रीटमेंटमधला असेल, तर विचारूच नका. गिअर कडक करायला नऊशे अंशांवर तापवायचे, तासन्‌तास तसेच ठेवायचे आणि मग तेलात बुडवायचे, यात ज्याची हयात गेली, त्याला १८० म्हणजे अंगणातलं ऊन. केक शेवटी तेलात बुडवायचा नसतो, एवढीच आठवण घरच्यांना ठेवावी लागते.

आणि हा नाद काही परका नव्हे. ओव्हन घरात यायच्या आधी बायका मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जात, नानखटाई समोर भाजून घेत आणि पत्र्याचा डबा लेकरासारखा कडेवर घेऊन परत येत. कुणी कुकरची शिट्टी आणि रबर काढून, तळाशी वाळू पसरून केक केले. ज्या घरात साटा लावून चिरोटे झाले आहेत, त्या घरानं फ्रेंच पेस्ट्रीच्या पदरांना दबून जायचं कारण नाही. पदर आपलेही सुटतात. आपण तळतो, ते भाजतात.

अडचण एकच. इथल्या पुष्कळ कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, आणि वीजवाल्यांचा दुरुस्तीचा मुहूर्तही बहुधा गुरुवारचाच. केक निम्मा फुगतो आणि वीज जाते. मग काचेवर बॅटरीचा झोत धरून सगळं घर आत बघत बसतं. दवाखान्यात पेशंटची एवढी काळजी होत नाही.

एवढं करून मिळतं काय? कोपऱ्यावरच्या बेकरीत याहून बरा केक तयार मिळतो. बिस्किटंच हवीत, तर पुण्यात १९५५ सालापासूनची कयानी आहे. तिथं नुसतं रांगेत उभं राहायचं.

पण तीस वर्षं एकाच मशीनवर दात पाडणारा माणूस घ्या. (गिअरचे. लोकांचे नव्हेत.) त्यानं पाडलेले दात देशभर धावले असतील. म्हणून काही हमरस्त्यावर ट्रक अडवून 'यातला एक गिअर माझा' असं म्हणता येत नाही. गिअर पुढच्या खात्यात गेला, की गेला. केक मात्र मैदा चाळण्यापासून सुरी फिरवण्यापर्यंत त्याचा एकट्याचा. तपासणी घरातच होते, आणि नापास झालेला माल दुधात बुडवून खाता येतो.

बायकांचं गणित आणखी वेगळं. पोळी तव्यावरून उतरते ती थेट दुसऱ्याच्या ताटात. करणारी उभी, खाणारे बसलेले, आणि तिची पाळी आली की पोळ्या गार. शिवाय 'झाल्या का पोळ्या?' हे रोजचं. 'झाला का केक?' असं खेकसून कोणी विचारत नाही, कारण तो कोणाचा हक्कच नव्हे. ओव्हनचं दार लावलं, की ३५ मिनिटं ती खुर्चीत बसू शकते. पुढं केक कापतात तेव्हा सगळ्यांच्या बरोबर तिच्याही हातात एक तुकडा असतो. पोळीनं तिला हे कधी दिलेलं नाही.

मग उरलेला केक ताटल्यांतून मजल्यावर फिरतो. आपल्याकडे ताटली रिकामी परत करायची रीत नाही. कोणी त्यात वडी घालतं, कोणी चकल्या, कोणी नुसतीच साखर. तीस वर्षांत गेलेला एकही गिअर परत आला नाही. ताटली येते, आणि तीही भरलेली.