मुरड

प्राध्यापकाला लग्नघरांत कोणी काम सांगत नाहीं. सांगितलें तरी तें दुसऱ्यानें अगोदरच उरकलेलें असतें. गेल्या वैशाखांत गोंदियास आमच्या कन्येचा विवाह झाला, तेव्हां आमच्या वाट्यास एकच जबाबदारी आली. भोजनमंडपाच्या कोंपऱ्यांत फळें कोरण्यास एक कारागीर बसला होता, त्याच्याजवळ मुलांना जाऊं द्यावयाचें नाहीं. ही राखण करीत आम्ही दोन तास बसलों, आणि मुलांपेक्षां आम्हीच त्याच्या अधिक जवळ सरकत गेलों.

तो तरुण तिरोड्याकडचा, उन्हाळ्यांत वैनगंगेच्या वाळूंत टरबुजें लावणाऱ्या घरांतला. फळ पारखणें तो घरीं शिकला आणि कोरणें नागपूरच्या एका हॉटेलांत. त्याच्यापुढें एक मोठें टरबूज होतें; पुण्याकडील वाचकांनीं त्यास कलिंगड म्हणावें. निमुळत्या सुरीनें त्यानें प्रथम हिरवी साल तासली, पांढरा थर राखला, मधोमध एक वर्तुळ कापलें आणि त्याच्याभोंवतीं तिरपे काप घेतले. प्रत्येक कापामागची बारीक फोड तो काढून घेई, आणि ती निघतांच पाकळी उभी राही. पांढरा, गुलाबी, लाल हे रंग फळाच्या पोटांत क्रमानें असतातच. सुरी जितकी खोल जाई तितका रंग गडद होई. तासाभरांत टरबुजाचें कमळ झालें.

ही विद्या थायलंडची. तेथील आख्यायिका अशी कीं, सुखोथाईच्या दरबारांतील नोप्पमास नांवाच्या स्त्रीनें लोय क्राथोंग उत्सवांत पाण्यावर सोडण्यासाठीं फुलांनीं व कोरलेल्या फळांनीं शृंगारलेला दीप प्रथम तयार केला. हा उत्सव आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास येतो. तिच्या नांवावरील ग्रंथ मात्र एकोणिसाव्या शतकांतील असावा, असें इतिहासकार म्हणतात. आख्यायिका कशीही असो, राजवाड्यांतील स्त्रियांनीं ही कला जोपासली हें खरें. तेथील राजे दुसरे राम (राज्यकाल १८०९ ते १८२४) यांनीं तर दरबारच्या पक्वान्नांवर व फळांवर पद्यरचना केली आहे. परंतु या कलेंत नुसती शोभा नव्हती. साल सोललेली, बी काढलेली, एका घासाची फोड पाहुण्याच्या हातीं पडावी, असा त्यामागें शिष्टाचार होता.

हें सर्व आम्ही व्याख्यानाच्या सुरांत त्या तरुणास ऐकविलें. त्यानें निमूटपणें ऐकून घेतलें. इतक्यांत आमच्या मातोश्री काठी टेकीत आल्या. कमळाकडे पाहून म्हणाल्या, "छान कोरलंस रे बाळा. पण खायचं कोणी?"

"खायला नाही आजी, पाहायला आहे."

मातोश्रींची दृष्टि शेजारच्या रुखवताकडे वळली. तेथील करंज्या विकतच्या. त्यांच्या कडा सांच्यांतून दाबून काढलेल्या, सर्व एकसारख्या. आमच्या पत्नीला जाऊन दोन वर्षें झालीं. तिच्या हातची मुरड आमच्या आळींत प्रसिद्ध होती. करंजीची कड चिमटीनें दाबून, दुमडून, वळवीत नेली म्हणजे दोरीसारखा पीळ दिसतो. पण तो केवळ दिसण्यासाठीं नसतो. मुरड नीट बसली नाहीं तर कढईंत करंजी उलते आणि सारण तेलांत जातें. पुतणीच्या रुखवताच्या वेळीं तिला रात्रीं जागून मुरड घालतांना पाहून आम्ही म्हणालों होतों, "एवढा वेळ एखादं पुस्तक वाचलं असतंस तर!" तिनें उत्तर दिलें नव्हतें. आतां तें वाक्य परत घेण्याची सोय उरलेली नाहीं.

मातोश्रींनीं स्वयंपाकघरांतून सारण व लाटलेल्या पाऱ्या मागविल्या. "इकडे बघ," त्या म्हणाल्या. त्यांचे हात थरथरतात. तीन चिमट्यांनंतर घडी सुटली. कारागिरानें सुरी पुसून ठेविली, हात धुतले आणि पारी हातांत घेतली. पहिली कड वांकडी झाली. दुसरी बरी होती. तिसरी मातोश्रींनीं निरखून पाहिली. "अंगठा आतून घे," एवढेंच म्हणाल्या. चौथीस त्या कांहींच बोलल्या नाहींत. आमच्या घरीं यापेक्षां मोठी शाबासकी नाहीं.

मग त्यानें टरबुजांतून निघालेल्या लाल फोडी पुढें ओढल्या. त्या त्यानें बर्फावर झांकून ठेविल्या होत्या. सुरीच्या टोंकानें एकेक बी काढून त्यानें वाटी भरली आणि ती आजींच्या हातीं दिली. मघांचें आमचें व्याख्यान त्याला कितपत कळलें होतें, हें तेव्हां आमच्या ध्यानीं आलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तें कमळ गुरांपुढें गेलें. चारही करंज्या तळून विहीणबाईंकडे पाठविल्या. पांचवी, आसपास कोणी नाहीं असें पाहून, आम्ही करून पाहिली. ती कढईंत उलली.