नाव सोलापुरात, मी बंगळुरूत

तुमचं नाव मतदार यादीत आहे ना? मग सांगा, कुठल्या गावच्या?

माझं सोलापूरच्या. नोकरी मात्र बंगळुरूत. २६ एप्रिल २०२४ ला इथे लोकसभेचं मतदान होतं. ऑफिसला सुट्टी, पण यादीत माझं नाव नाही. ७ मे ला सोलापुरात मतदान, तर इथे ऑफिस चालू. त्या दुपारी आईने शाई लावलेल्या बोटाचा फोटो पाठवला. माझं बोट कोरंच राहिलं.

खरं तर मी एका बातमीच्या भरवशावर होते. डिसेंबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने रिमोट मतदान यंत्राचा प्रस्ताव मांडला होता. एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघांचं मतदान, म्हणजे शहरात राहून गावचं मत देता येणार! पण २०२४ च्या निवडणुकीत ते यंत्र काही आलं नाही. आणि कायदा म्हणतो, जिथे नेहमी राहता तिथेच नाव हवं, तेही एकाच ठिकाणी.

तरी सोलापूरचं नाव काढायला मन होईना. गावाशी उरलेला शेवटचा धागा वाटायचा तो. शेवटी बाबाच म्हणाले, "पाणी कुठलं पितेस? मग आमदारही तिथलाच निवड. घर काय, यादीत असतं होय?"

त्याच रात्री वोटर हेल्पलाइन अ‍ॅपवर फॉर्म ८ भरला, नोंदणीकृत भाडेकरार जोडला. थोडं रडूही आलं.

तुमच्याही घरातलं कुणी दूर राहत असेल, तर आज फोनवर एवढं विचारा, "नाव कुठे आहे रे तुझं?"