न झालेली मॅच

अमेरिकन फुटबॉलची ऑल-स्टार मॅच ही जगातल्या सगळ्यात बिनमहत्त्वाच्या मॅचेसपैकी एक असावी. म्हणजे बघा, सीझन संपलेला असतो. पॉइंट्स नाहीत, कप नाही, पुढची फेरी नाही. वेगवेगळ्या टीम्समधले उत्तम खेळाडू निवडायचे, दोन गट पाडायचे आणि एक मॅच लावायची. खेळाडूही आपले हातपाय सांभाळून खेळणार. ज्या खेळात समोरच्याला अंगावर जाऊन आडवा पाडायचा असतो, तो खेळ "सांभाळून" कसा खेळणार? एनएफएलच्या प्रो बोलमध्ये शेवटी शेवटी टॅकल म्हणजे मिठी मारल्यासारखं व्हायला लागलं होतं. :) मग २०२३ पासून त्यांनी मॅच सरळ बंदच केली आणि त्याऐवजी कमरेला लावलेली फडकी ओढायचा फ्लॅग फुटबॉल सुरू केला.

तर अशा या बिनमहत्त्वाच्या प्रकाराबद्दल आज लिहायचं कारण म्हणजे १९६५ सालची एक ऑल-स्टार मॅच. ती जिथे व्हायची होती तिथे झालीच नाही, आणि माझ्या मते आजवरच्या सगळ्या ऑल-स्टार मॅचेसमध्ये लक्षात ठेवावी अशी तीच एक आहे.

मला ही गोष्ट जरा आडवळणाने कळली. २०१७ ची एनबीएची, म्हणजे बास्केटबॉलची, ऑल-स्टार मॅच शार्लट शहरात व्हायची होती. नॉर्थ कॅरोलिनाने ट्रान्सजेंडर लोकांच्या विरोधात एक कायदा केला म्हणून एनबीएने ती तिथून हलवली आणि न्यू ऑर्लिन्सला नेली. ऑफिसात जेवताना हा विषय निघाला. आमच्या टीममध्ये मूळचा लुइझियानाचा एक कृष्णवर्णीय सहकारी होता, रिटायरमेंटला आलेला. तो खो खो हसायलाच लागला. म्हणाला, "न्यू ऑर्लिन्सला नेली? अरे, आमच्याकडून मॅच काढून नेली होती, तेव्हा मी शाळेत होतो!" आणि मग त्याने जे सांगितलं त्यावर मी पुढचे दोन-तीन शनिवार-रविवार वाचत बसलो.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. १९६० साली अमेरिकन फुटबॉलमध्ये एनएफएलला टक्कर द्यायला एएफएल नावाची नवी लीग सुरू झाली. आपल्याकडे आयसीएल आली होती ना, तशी बंडखोर. फरक एवढाच की ही बंडखोर लीग टिकली. इतकी टिकली की १९६६ मध्ये एनएफएलला तिच्याशी तह करावा लागला आणि १९७० पर्यंत दोन्ही एक झाल्या. आज सगळं जग बघतं ती सुपर बोल या तहातूनच जन्मली. नव्या लीगला खेळाडू हवे होते. जुनी लीग ज्यांच्याकडे फारसं बघत नव्हती त्या कृष्णवर्णीयांच्या छोट्या कॉलेजांतून एएफएलने भराभर पोरं उचलली. लुइझियानातल्या ग्रॅम्बलिंगचा बक ब्युकॅनन १९६३ मध्ये एएफएलच्या ड्राफ्टमध्ये चक्क पहिल्या क्रमांकावर निवडला गेला.

१९६४ च्या सीझनची एएफएलची ऑल-स्टार मॅच १६ जानेवारी १९६५ ला न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन स्टेडियमवर ठरली. ८०,००० च्या वर लोक बसतील असं अवाढव्य स्टेडियम. न्यू ऑर्लिन्सला स्वतःची व्यावसायिक टीम हवी होती आणि त्यासाठी डेव्ह डिक्सन नावाचा तिथला एक व्यापारी कितीतरी दिवस खटपट करत होता. ही मॅच म्हणजे शहराचा इंटरव्ह्यूच होता म्हणा ना. कृष्णवर्णीय खेळाडूंना काही त्रास होणार नाही, अशी हमीही लीगला दिलेली होती.

आता तारखा बघा. वंशभेद बंद करणारा नागरी हक्क कायदा २ जुलै १९६४ ला सही होऊन लागू झाला. म्हणजे मॅचच्या आधी जेमतेम साडेसहा महिने. कायद्याने हॉटेलं उघडली, रेस्टॉरंट्स उघडली, थिएटरं उघडली, स्टेडियमं उघडली. या सगळ्यांची नावं कायद्यात आहेत. टॅक्सीचं नाव त्यात नव्हतं. नुसती दारू विकणाऱ्या बारचंही नव्हतं. आमच्या धंद्यातला कुणीही सांगेल, स्पेसिफिकेशनमध्ये जे लिहिलेलं नसतं तिथेच प्रॉडक्शनमध्ये आग लागते.

झालंही तसंच. दोन्ही टीम्स मिळून २१ कृष्णवर्णीय खेळाडू निवडले गेले होते. हॉटेलात खोल्या मिळाल्या. पण विमानतळावरून हॉटेलात यायला टॅक्सी थांबेना. गोरे खेळाडू बसून निघून गेले, हे सामान घेऊन उभेच. संध्याकाळी फ्रेंच क्वार्टरमध्ये फिरायला गेले तर एकामागून एक क्लबने दारातूनच परत पाठवलं. एका दारावर तर पिस्तूल दाखवलं गेलं, असं खेळाडूंनी नंतर सांगितलं. लक्षात घ्या, यात अर्नी लॅडसारखे लोक होते, पावणेसात फूट उंच आणि वजन १४० किलोच्या वर. त्या रस्त्यावरच्या कुणालाही एका हाताने उचलून बाजूला ठेवू शकले असते. पण तिथे ताकदीचा काही उपयोग नव्हता.

रविवारी, १० जानेवारीला, हे सगळे हॉटेलात एकत्र बसले. पुढाकार घेणाऱ्यांत बफेलो बिल्सचा फुलबॅक कुकी गिलख्रिस्ट होता, ओकलंडचा आर्ट पॉवेल होता. पॉवेलला हे नवं नव्हतं. १९६३ मध्ये अलाबामातल्या मोबील शहरात प्रेक्षकांना रंगानुसार वेगळं बसवणार म्हणून त्याने आणि त्याच्या काही सहकाऱ्यांनी सराव सामना खेळायला नकार दिला होता आणि तो सामना हलवावा लागला होता. न्यू ऑर्लिन्समध्ये बरीच चर्चा झाली. शहरातल्या मंडळींनी समजूत घातली, की चार नादान लोकांमुळे सगळ्या शहराला शिक्षा का? शेवटी २१ जणांनी ठरवलं, आम्ही इथे खेळणार नाही. बिल्सच्याच अर्नी वॉरलिकने सगळ्यांच्या वतीने तसं निवेदन दिलं आणि मंडळींनी बॅगा भरल्या.

इथे रॉन मिक्सचा उल्लेख केलाच पाहिजे. सॅन डिएगो चार्जर्सचा हा गोरा, ज्यू लाइनमन. तो आधी यांची समजूत घालायला गेला होता. त्याचं म्हणणं, थांबा, खेळा, आणि जे झालं ते जगाला सांगा, त्याने जास्त फरक पडेल. त्यांना ते पटलं नाही. तेव्हा मिक्स म्हणाला की मग मीही खेळणार नाही, कारण फक्त काळेच बाहेर पडले असं दिसायला नको. मला हा माणूस फार आवडला. मुद्दा पटलेला नसताना माणसांबरोबर उभं राहणं सोपं नसतं.

एएफएलचा कमिशनर होता जो फॉस. दुसऱ्या महायुद्धातला नावाजलेला लढाऊ वैमानिक, साउथ डाकोटाचा माजी गव्हर्नर. त्याने फार वेळ घेतला नाही. दुसऱ्याच दिवशी मॅच ह्यूस्टनला हलवल्याचं जाहीर झालं. न्यू ऑर्लिन्सच्या महापौरांनी खेळाडूंनाच दोष दिला. सगळे आपल्यावर प्रेम करतात अशाच गावात खेळायचं म्हटलं तर यांना कामच मिळणार नाही, असा एकूण सूर. मॅच ठरल्या दिवशीच झाली, पण ह्यूस्टनच्या छोट्याशा जेपसन स्टेडियमवर, सुमारे १५,००० लोकांसमोर. वेस्टने ईस्टला ३८-१४ असं हरवलं. ह्यूस्टन म्हणजे काही स्वर्ग नव्हतं, तेही टेक्सासच. पण निरोप जिथे पोचायचा तिथे पोचला होता.

हे वाचताना मला राहून राहून पुण्यातले दिवस आठवत होते. २००३ च्या सुमारास आम्ही तिघं मित्र भाड्याने फ्लॅट शोधत होतो. तिघांचीही नोकरी सारखी, पगार सारखा. फोनवर सगळं ठरायचं. मग फ्लॅट बघायला गेलं की मालक चहा द्यायचे आणि सहज विचारल्यासारखं विचारायचे, "आडनाव काय आपलं?" आमच्यातल्या एकाने आडनाव सांगितलं की मालकांना अचानक आठवायचं की घरात विचारायला हवं. नाही कुणीच म्हणायचं नाही. फक्त परत फोन यायचा नाही. तिसऱ्या-चौथ्या फ्लॅटचा जिना उतरताना तो मित्र म्हणाला, "च्यायला, खाली पाटी लावली असती तर बरं झालं असतं रे. निदान चार जिने चढायचे तरी वाचले असते."

न्यू ऑर्लिन्सच्या टॅक्सीवरही पाटी नसणार. ड्रायव्हर नुसता पुढे बघून निघून गेला असणार. पाटी काढायला कायदा पुरतो. पाटी नसलेल्या ठिकाणी काय करायचं, हा प्रश्न त्या २१ जणांपुढे होता, आणि त्यांच्याकडे एकच गोष्ट अशी होती जी त्या शहराला मनापासून हवी होती. त्यांचा खेळ. ती त्यांनी काढून घेतली.

आपल्याकडेही हे घडलेलं आहे बरं का. पळवणकर बाळू हा त्याच्या काळातला उत्तम डावखुरा गोलंदाज. पुण्यात हिंदू संघाकडून खेळायचा, विकेट्स काढायचा आणि चहा मात्र बाहेर बसून मातीच्या भांड्यातून प्यायचा. त्याला कर्णधारपद कधी मिळालं नाही. १९२० मध्ये मुंबईच्या चौरंगी सामन्यांच्या वेळी पुन्हा असाच अन्याय झाला तेव्हा त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निवेदन देऊन संघातून अंग काढून घेतलं. १९२३ मध्ये विठ्ठल त्याच हिंदू संघाचा कर्णधार झाला. तिथेही हत्यार तेच होतं. आम्ही चांगले खेळतो, म्हणून आमच्या न खेळण्याला किंमत आहे.

आणि इथेच मला थोडं अडखळायला होतं. ही किंमत फक्त स्टार लोकांच्या नकाराला असते. न्यू ऑर्लिन्समध्ये टॅक्सी न मिळणारे हजारो लोक रोजच होते, त्यांच्या चालत जाण्याने कुठली मॅच हलणार होती? माझ्या मित्राने फ्लॅट नाकारला असता तर मालकाचं काय बिघडणार होतं? नाकारायला आधी तुमच्याकडे काहीतरी असावं लागतं.

पण स्टार असलं तरी फुकट काहीच मिळत नाही. गिलख्रिस्ट हा एएफएलमध्ये एका सीझनमध्ये हजार यार्ड धावणारा पहिला खेळाडू. बिल्स नुकतेच त्याच्या जिवावर चॅम्पियन झाले होते. या प्रकरणानंतर काही आठवड्यांतच त्याची रवानगी डेन्व्हरला झाली. प्रशिक्षकाशी त्याचं आधीपासून पटत नव्हतं हेही खरंच. त्या २१ जणांतला कॅन्सस सिटीचा एबनर हेन्स, तोही पुढच्या सीझनला डेन्व्हरलाच दिसतो. आता याला योगायोग म्हणायचं तर म्हणा.

आणि शहराचं काय झालं? १९६६ मध्ये न्यू ऑर्लिन्सला टीम मिळाली, तीही एनएफएलची. १९६७ पासून सेंट्स खेळायला लागले. "आमच्याकडून मॅच काढून नेली" म्हणणारा माझा सहकारी त्याच सेंट्सचा कट्टर भक्त. मी त्याला विचारलं, तेव्हा राग नाही आला का, मॅच गेली म्हणून? म्हणाला, "माझ्या बापाने मॅचची तिकिटं काढली होती. मॅच गेल्याचं कळलं तेव्हा तो अंगणात जाऊन एकटाच टाळ्या वाजवत होता."

जानेवारी १९७० मध्ये चौथी सुपर बोल झाली, त्याच टुलेन स्टेडियमवर. ८०,००० च्या वर लोक. कॅन्सस सिटी चीफ्सने मिनेसोटाला २३-७ असं हरवलं. चीफ्सच्या बचावफळीत दोन आडदांड गडी होते, बक ब्युकॅनन आणि बॉबी बेल. पाच वर्षांपूर्वी बॅगा भरून या शहरातून निघून गेलेल्या २१ जणांतले दोघं.

यूट्यूबवर या सुपर बोलची क्षणचित्रं आहेत. खेळ कळत नसला तरी चालेल, कधी वेळ मिळाला तर बघा. असो. आता भाजी आणायला जायला हवं.