वैशाखातली कळसूबाई

पावसाळ्यात कळसूबाई दिसत नाही. धुक्यात शिड्या असतात, शिड्यांवर रांगा असतात, रांगांत रेनकोट असतात; डोंगर कुठे आहे ते विचारू नये. नवरात्रात तो जत्रेचा, हिवाळ्यात फोटो काढणाऱ्यांचा. वैशाखात तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. गवत वाळून भुरकं झालेलं, ओढे आटलेले, कारवीच्या नुसत्या काड्या उरलेल्या. पण महाराष्ट्रातलं हे सर्वांत उंच, १,६४६ मीटरचं शिखर पायथ्यापासून माथ्यापर्यंत नीट न्याहाळता येतं ते याच दिवसांत.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी पहाटे साडेचारला नाशिकच्या एका नणंद-भावजयीनं बारी गावातून चालायला सुरुवात केली. वहिनी बँकेतून निवृत्त झालेल्या. धाकटी नणंद शाळेत भूगोल शिकवते. घरच्या पुरुषांपैकी एकाचे गुडघे दुखत होते आणि दुसऱ्याचे सल्ले संपत नव्हते, म्हणून दोघीच निघाल्या. पिशव्यांत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दोन कैऱ्या आणि प्रत्येकी तीन लिटर पाणी. त्यातली एक बाटली मीठ-साखरेची : लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दोघींत मिळून सहा लिटर पाणी म्हणजे सहा किलोंचं ओझं. ऊन चढेल तसं ते हलकं होत जातं, आणि उन्हाळ्यातल्या चालीत ते हलकं होणं हीच काळजी असते. वर शेवटच्या शिडीआधी एक विहीर आहे, पण मे महिन्यात तिच्या भरवशावर कुणी जाऊ नये.

निघतानाच एक नियम ठरला. ज्याची चाल मंद, त्यानं पुढे चालायचं. नणंद झपझप चालणारी, म्हणून वहिनी पुढे. मागच्याला हळू चालण्याचा त्रास होतो, पण पुढच्याला धाप लागत नाही आणि मागे कुणी राहत नाही. बॅटरीचा उजेड वहिनींच्या टाचांवर ठेवून नणंद चालत राहिली. पहिल्या टप्प्यावर पोचेपर्यंत पूर्वेला फटफटलं. खाली गावाभोवतीच्या खाचरांत राब भाजल्याचे काळे तुकडे दिसू लागले. पालापाचोळा, गोवऱ्या नि माती रचून जाळायची आणि त्याच जागेत पावसाच्या तोंडावर भाताचं बी टाकायचं, ही इथली जुनी रीत. कुठून तरी पावश्या ओरडत होता.

"पेरते व्हा म्हणतोय," नणंद म्हणाली.

"त्याला म्हणावं, आधी ढग तर आण," वहिनी घाम पुसत म्हणाल्या.

बारीपासून माथ्यापर्यंतची चढण आठ-नऊशे मीटरच्या घरातली. ती सलग मात्र नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे प्रवाह एकामागून एक वाहत आले, थिजले, आणि त्यांच्या भाकरींसारख्या चवडीतून सह्याद्रीचा हा भाग घडला. काही थर घट्ट बसाल्टचे, तर काही वायूच्या बुडबुड्यांनी आतून पोकळ झालेले. पोकळ थर लवकर झिजतो आणि तिथे पाय टेकायला टप्पा मिळतो. घट्ट थर तग धरतो आणि तिथे कडा उभा राहतो. कळसूबाईच्या लोखंडी शिड्या बसवल्यात त्या अशाच कड्यांवर. त्यामुळे इथे चालणाऱ्याचा श्वास खडकाच्या हुकमानं चालतो. टप्प्यावर तो परत मिळतो, कड्यावर पुन्हा जातो.

श्वासाचं जे, तेच बोलण्याचं. कड्यावर दोघी गप्प, टप्प्यावर गप्पा. दुसऱ्या टप्प्यावर सासूबाईंच्या हातच्या मांड्यांचा विषय निघाला, मग त्यांच्या शेवटच्या आजारपणाचा. तिथून नणंद सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, "वहिनी, आईच्या पाटल्यांचं काय झालं गं?" वहिनी उत्तर देणार, तोच शिडी आली. शिडीवर दोन्ही हात कठड्याला लागतात आणि तोंड फक्त श्वास घ्यायला उरतं. घरी हाच प्रश्न निघाला असता तर उत्तर ताबडतोब आलं असतं, थोडं तिखटही असतं. इथे ते पंधरा मिनिटं लांबलं. वरच्या टप्प्यावर बसून, घोटभर पाणी पिऊन वहिनी म्हणाल्या, "तुमच्या लेकीच्या नावानं लॉकरमध्ये आहेत, वन्सं. आईंनीच सांगून ठेवलं होतं. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल." नणंदेनं कैरी काढली, चाकूनं दोन फोडी केल्या आणि मोठी फोड वहिनींना दिली. त्यावर दोघी आणखी काही बोलल्या नाहीत. पुढची शिडी आली होती.

या डोंगराचं नाव ज्या मुलीवरून पडलं, ती कळसूही घर सोडून वर आलेली. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात तिची कथा नोंदलेली आहे. रानावनात हिंडायची आवड असलेली ही कोळ्याची पोर पायथ्याच्या इंदोरे गावात एका कोळी कुटुंबाकडे कामाला राहिली. तिची अट एकच होती : भांडी घासायला आणि केर काढायला सांगायचं नाही. बरेच दिवस नीट गेले. एक दिवस घरातल्या कुणी तरी तेच काम सांगितलं. तिनं ते केलं, मग थेट डोंगर चढून गेली आणि मरेपर्यंत माथ्यावर राहिली. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर काढला ती काळदरा.

"बघ वहिनी, काम सांगितलं आणि टाकून गेली."

"टाकून नाही हं वन्सं. करून गेली."

"तू बाई तीस वर्षं अट घालायलाच विसरलीस."

माथ्यावर पोचल्या तेव्हा आठ वाजत आले होते. लहानसं देऊळ, घंटा, बेफाम वारा. मंगळवारी आणि गुरुवारी देवीची पूजा होते. इथली हवा बारीपेक्षा पाच-सहा अंशांनी थंड. उंचीच्या दर हजार मीटरमागे तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, हे वर्गात दरवर्षी सांगणारी नणंद पहिल्यांदाच त्यात उभी राहून ओढणी सावरत होती. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग ही किल्ल्यांची त्रयी. दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी, त्यामागे रतनगड, आणखी लांब हरिश्चंद्रगड. १९८६ पासून हा सारा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. मे सरता सरता इथल्या झाडांवर काजव्यांची लुकलुक सुरू होते आणि ती पाहायला मुंबई-पुण्याच्या गाड्या लागतात.

भंडारदऱ्याचं धरण बांधायला १९१० मध्ये घेतलं आणि १९२६ मध्ये ते पुरं झालं. मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव त्याला मिळालं. रतनगडाच्या बाजूला उगम पावणारी प्रवरा इथे अडते आणि पुढे खालच्या तालुक्यांचा ऊस पिकवते. वरून बघताना जलाशयाच्या काठाची उघडी पडलेली लाल माती मोठी दिसत होती. डोंगरकुशीतल्या वाड्यांवर मात्र याच महिन्यात बायका हंडा घेऊन झऱ्याकडे निघतात. धरण उशाला आणि कोरड घशाला, हे इथल्यासाठी नुसतं बोलायचं वाक्य नाही.

दशम्या संपवून दोघी नऊच्या आत उतरायला लागल्या. अकरानंतर हा काळा खडक तापतो आणि वरचं ऊन खालूनही लागायला लागतं. चढताना दम जातो, उतरताना गुडघे. सुटा मुरूम पायाखालून सरकतो, म्हणून पावलं आडवी टाकायची. आता नणंद पुढे, कारण घसरायची तीच. मधल्या टप्प्यावर ताजं ताक मिळालं, मीठ-जिरं घातलेलं. वहिनींनी दोन ग्लास संपवले आणि उरलेली मीठ-साखरेची बाटली ताकवालीच्या मुलाला देऊन टाकली.

खाली रस्त्याला एक मुलगी पानांच्या द्रोणांत करवंदं घेऊन बसली होती. दोघींनी एक द्रोण घेतला आणि जीपचं भाडं कुणी द्यायचं यावरून वाद सुरू झाला, कारण दोघींनाही द्यायचं होतं. निवाडा करवंदांवर सोपवला. फोडायच्या आधी ओळखायचं : आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. तीनांत दोन जिंकेल तिनं भाडं द्यायचं. वहिनींनी पहिल्या दोन्ही वेळा बरोबर ओळखलं आणि पर्स उघडली.

"थांब थांब," नणंद म्हणाली, "पाचांत तीन."

जीपवाल्यानं हॉर्न दिला. वहिनींनी तिसरं करवंद उन्हात धरून बघितलं आणि म्हणाल्या, "कोंबडी."