विजेची मोटार आणि घरची गव्हाण

विजेनें चालणारें वाहन ही पाचोऱ्याच्या रहिवाशांस कांहीं नवलाची वस्तु नाहीं. मनमाड-भुसावळ मार्गावर विजेचीं इंजिनें आम्ही नित्य पाहतों. मुंबईस बोरीबंदरापासून कुर्ल्यापर्यंत या देशांतील पहिली विजेची आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं धांवली. त्यास शंभर वर्षें होऊन गेलीं. जामनेरची आमची चिमुकली गाडी मात्र अखेरपर्यंत धूर सोडीतच गेली, व २०२० सालीं थांबली ती थांबलीच. परंतु आगगाडीचें इंजिन डोक्यावरील तारेंतून वीज घेत घेत धांवतें. त्यास सांठा बाळगावा लागत नाहीं. मोटारीला आपली शिदोरी बरोबर घेऊन निघावें लागतें, आणि ती शिदोरी बांधावयाची कोठें, हाच खरा प्रश्न आहे.

बैलास घरच्या गव्हाणींत चारा मिळे. पेट्रोलच्या मोटारीनें ही रीत मोडली. ती राही घरीं, पण जेवावयास जाई पंपावर. विजेची मोटार पुन्हां घरींच चारा मागते. अमेरिकेंत विसाव्या शतकाच्या आरंभीं अशा मोटारी पुष्कळ होत्या. पुढें त्या मागें पडल्या, त्याच्या कारणांपैकीं एक हें कीं पेट्रोल खेड्यापाड्यांत पोंचलें आणि वीज पोंचली नव्हती. आतां वीज घरोघरीं आली आहे. तेव्हां अडचण कसली, असें कोणीही विचारील.

आमच्या गल्लींतील एका डॉक्टरांनीं दोन वर्षांपूर्वीं अशी मोटार घेतली, तेव्हां आम्हांसही असेंच वाटलें होतें. तिच्या बॅटरींत सुमारें ३० युनिट वीज मावते. एका युनिटांत ती सहा-सात किलोमीटर जाते. जळगांव येथून सुमारें ५० किलोमीटर. म्हणजे जाऊन येऊन पंधरा युनिट पुरतात. घरांतील १५ अँपिअरच्या प्लगांतून तासास तीन युनिटांच्या आसपास वीज मिळते, म्हणून पांच तासांत जळगांवची फेरी भरून निघते. सगळी बॅटरी रिकामी झाली तर मात्र रात्रभर दहा तास हवेत. हिशेब सोपा आहे. पण तासास तीन युनिट म्हणजे चाळीस पंखे एकदम लावल्यासारखें आहे, आणि आमच्याकडील कित्येक जुन्या घरांचा मंजूर भार एक-दोन किलोवॅटांहून अधिक नसतो. तो वाढवून घेण्यास अर्ज करावा लागतो, तार जाड घालावी लागते, आणि महिन्याचीं युनिटें शंभरावर, पुढें तीनशांवर गेलीं कीं दरही चढतो.

विद्यार्थ्यांनीं येथें पदार्थविज्ञानाचा एक नियम आठवावा. तारेंत उत्पन्न होणारी उष्णता विद्युत्प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ज्या सैल प्लगांतून कूलरचा १ अँपिअर प्रवाह वर्षानुवर्षें सुखरूप गेला, त्यांतून १५ अँपिअर गेले तर उष्णता पंधरापट नव्हे, २२५ पट होते. प्लग पिवळा पडणें, मग जळका वास येणें, हें सर्व या वर्गांत आहे. खिडकींतून लोंबती एक्स्टेन्शनची तार सोडून मोटार चार्ज करणाऱ्यांस हा नियम माहीत नसतो असें नाहीं. परीक्षेंत त्यांनीं तो लिहिलेला असतो.

अर्थिंगची गोष्ट तर खास आमच्या मुलखाची आहे. मोटारीचा चार्जर आधीं अर्थिंग तपासतो, आणि तें ठीक नसेल तर तांबडा दिवा लावून स्वस्थ बसतो. मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो, काळ्या मातीस हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि अर्थिंगच्या खड्ड्यांतील कोळसा-मीठ कोरडें ठणठणीत होतें. कोरड्या मातींतून वीज वाट काढीत नाहीं. डॉक्टरांचा चार्जर असाच एका संध्याकाळीं अडून बसला. वायरमननें मोटारीकडे पाहिलेंही नाहीं. त्यानें खड्ड्यावरचें झांकण काढलें आणि दोन बादल्या पाणी मागितलें. पिण्याचें पाणी जेव्हां मोजून वापरावें लागतें, त्या दिवसांत मोटारीच्या नांवानें दोन बादल्या जमिनींत ओतणें घरच्या आजीबाईंस मुळींच रुचलें नाहीं. अखेर त्यांनींच मोरीच्या पाण्याचा पन्हाळ त्या खड्ड्याकडे वळविला. इतका शहाणपणाचा उपाय मोटारीबरोबर आलेल्या जाड पुस्तकांत नव्हता.

तरीही सर्वांत अवघड भाग घराबाहेरच निघाला. तार आपल्या घरची असली तरी डीपी सगळ्या गल्लीची असते. उन्हाळ्यांत सायंकाळीं सातपासून प्रत्येक घरीं कूलर सुरू होतो. त्यांतच मोटार लागली कीं शेवटच्या घरांतील पंखे मंदावत. मार्च महिन्यांत एका रात्रीं डीपीवरचा फ्यूज गेला आणि गल्ली दोन तास काळोखांत बसली. दुसऱ्या दिवशीं मॅट्रिकच्या मुलांचा गणिताचा पेपर होता. मेणबत्तीभोंवतीं तीन घरचीं मुलें बसलीं. दोष मोटारीचा कीं जुन्या फ्यूजचा, हें कोणास ठाऊक. पण बोल मोटारीस लागला, आणि डॉक्टरांस ओट्याओट्यावरून तो ऐकावा लागला. त्यांनीं वाद घातला नाहीं. तेव्हांपासून मोटार रात्रीं साडेअकरानंतर लागते. शेतकरी रात्रीं उठून बैलांस वैरण टाकतो, तसे हे कंदिलाऐवजीं मोबाइलचा उजेड घेऊन अंगणांत येतात. (भुसावळजवळच्या दीपनगरास त्याच वेळीं त्यांच्यासाठीं कोळसा जळत असतो, असें आमचे एक मित्र मुद्दाम सांगतात. तें खरें आहे. पण धुळे जिल्ह्यांत साक्रीस २०१३ पासून १२५ मेगावॅटचें सौरकेंद्रही आहे, हें सांगावयास ते विसरतात.)

डॉक्टरांस निदान अंगण आहे. आम्ही राहतों माडीवर, भाड्याच्या दोन खोल्यांत. खालीं रस्ता, व रस्त्यावर सर्वांचा हक्क. घरीं चार्जिंग करण्यास मुभा आहे, असें केंद्र सरकारनें २०१८ सालींच स्पष्ट केलें. पण मुभेला भिंत लागते, आणि भिंत घरमालकाची. आमच्या शेजारच्या खोलींतील तरुण विजेच्या स्कूटरवर गांवभर औषधें पोंचवितो. रोज रात्रीं तो तिची बॅटरी खांद्यावर घेऊन वीस पायऱ्या चढतो आणि उशाशीं लावून निजतो. बॅटरी उशाशीं लावूं नये, असें आम्हीं त्यास सांगितलें. "मग कोठें लावूं, सर?" असें त्यानें विचारलें.

जिन्याखालीं एक सॉकेट, स्वतंत्र मीटर, आणि मोरीजवळ अर्थिंगचा खड्डा, एवढें मागण्यासाठीं आम्ही दोघे गेल्या रविवारीं घरमालकांकडे गेलों होतों. त्यांनीं चहा दिला. खर्च कोणीं करावा हें ठरलें. खोली सोडून जातांना मीटर कोणाचा, हें अजून ठरावयाचें आहे.